तारखेची वाट पाहू नका

कर्करोगाच्या उपचारात एखाद्या साध्या गोळीनेही अंगाची कातडी सुटू शकते. असे फार थोड्यांना होते. पण ज्याला होते त्याच्याकडे वेळ नसतो. प्रत्येक घराने वाचावी आणि जपून ठेवावी अशी ही माहिती.

मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका वस्तीत आम्ही त्या घरी पोहोचलो तेव्हा संध्याकाळची पाण्याची वेळ होती. वहिनींनी आधी दोन हंडे भरून घेतले, चहा टाकला आणि मग कपाटावरची प्लॅस्टिकची पिशवी खाली काढली. पिशवीत केसपेपर होते, एक्स-रेच्या फिल्मा होत्या, औषधांच्या पावत्या होत्या आणि शाळेची एक शंभर पानी वही होती.

"समदं जपून ठेवलंय बघा," त्या म्हणाल्या. "भाऊ, नाव छापू नका, पण हकीकत छापा. आमच्यावर आली ती दुसऱ्यावर यायला नको."

वहिनींचे पती महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाले होते. अर्धी रात्र उलटली की उठायचे आणि वस्त्यांना पाणी सोडायचे, यात त्यांची तीस वर्षे गेली. वयाच्या ५४व्या वर्षी फुफ्फुसाचा कर्करोग निघाला आणि काही महिन्यांनी तो मेंदूत पोहोचला. एका रात्री जेवता जेवता त्यांना फीट आली. रुग्णालयात डॉक्टरांनी तीन गोष्टी सुरू केल्या. फीट पुन्हा येऊ नये म्हणून एक गोळी, मेंदूची सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडची गोळी आणि डोक्याला दहा वेळा रेडिएशन, म्हणजे आपण ज्याला 'शेक' किंवा 'लाइट' म्हणतो ते. शेक संपला. स्टेरॉइडची मात्रा हळूहळू कमी करायला सांगितली. पुढची तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली आणि मंडळी घरी आली.

फिटची गोळी सुरू होऊन एकोणीस दिवस झाले होते, तेव्हा त्यांना ताप आला. तारखेला अजून दहा दिवस बाकी होते.

हातचे गेलेले तीन दिवस

पहिल्या दिवशी नुसता ताप आणि अंगदुखी. दुसऱ्या दिवशी डोळे लाल झाले, चुरचुरू लागले. ओठ फुटले, तोंडात फोड आले, पाण्याचा घोट उतरेना. तिसऱ्या दिवशी कानामागची आणि मानेची कातडी काळपट जांभळी दिसू लागली. हात लावला तर ते कळवळत. गल्लीतल्या डॉक्टरांनी तापाची गोळी दिली, अ‍ॅलर्जीची गोळी दिली आणि शेकामुळे असे होते म्हणून सांगितले. शेजारणी म्हणाल्या, अंगात उष्णता भरली आहे, सब्जा द्या, गुलकंद द्या. एक वयस्क आजी म्हणाल्या, देवी आल्यात.

"आमच्यात देवी मानत नाहीत, भाऊ," वहिनी आम्हाला म्हणाल्या आणि जराशा हसल्या. "पण कडुलिंबाचा पाला मातुर म्या अंथरुणाखाली घातला. माणूस कळवळत असलं की हात काय बी करत्यात."

रुग्णालयात का नेले नाही, असे आम्ही विचारले. त्यांनी मान खाली घातली. "मागं एकदा तारखेच्या आधी गेलो हुतो. खिडकीवरच्या माणसानं सगळ्या लायनीसमोर झापलं. म्हणला, कागदावर तारीख लिवलीय ती वाचता येत न्हाय का? तवापासून ह्यांनी धसका घेतला. म्हणायचे, तारखेलाच जाऊ."

तिसऱ्या दिवशी रात्री बारावीत शिकणाऱ्या मुलीने ओल्या फडक्याने वडिलांची मान पुसली, तर फडक्याला कातडी आली. मग मात्र कोणी तारीख पाहिली नाही. टॅक्सी केली आणि रात्री एकच्या सुमारास रुग्णालयाच्या अपघात विभागात गेले. तिथल्या डॉक्टरांनी कातडीच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतले. बाईंनी एकच प्रश्न विचारला, "गेल्या महिनाभरात नवीन औषध कोणतं सुरू झालं?" मुलीने ती शंभर पानी वही पुढे केली. प्रत्येक गोळीचे नाव, ती सुरू झाल्याची तारीख, दिवसातून किती वेळा, सगळे लिहिलेले होते. बाईंचे बोट एका ओळीवर थांबले. ती ओळ फिटच्या गोळीची होती.

हा आजार कोणता?

या आजाराला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. १९२२ साली अमेरिकेतील स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन बालरोगतज्ज्ञांनी दोन मुलांच्या आजाराचे वर्णन छापले, म्हणून त्यांचे नाव पडले. याच आजाराचे आणखी भयंकर रूप आहे, त्याला डॉक्टर थोडक्यात 'टेन' म्हणतात. १९५६ साली स्कॉटलंडच्या डॉ. अ‍ॅलन लायल यांनी चार रुग्णांवरून त्याचे वर्णन केले. उकळत्या पाण्याने भाजल्यावर कातडी सुटते तशी या रुग्णांची सुटत होती.

होते असे की, शरीरात रोगजंतूंशी लढणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या एखाद्या औषधामुळे चुकतात आणि आपल्याच कातडीच्या पेशी मारू लागतात. कातडीचा वरचा थर मरतो आणि खालच्या थरापासून सुटतो. तोंड, डोळे, घसा, लघवीची जागा यांच्या आतली नाजूक कातडीही सुटते. कातडी म्हणजे नुसते वरचे आवरण नव्हे. ती अंगातले पाणी धरून ठेवते, ऊब राखते, जंतूंना बाहेर अडवते. ती गेली की पाणी झिरपते, अंग गार पडते आणि जंतू रक्तात शिरतात. मोठ्या भाजलेल्या माणसाची जी गत, तीच याची.

कातडी किती सुटली यावर धोका ठरतो. रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसकट धरला तर तो त्याच्या अंगाच्या साधारण एक टक्का भरतो. दहा तळहातांपेक्षा कमी कातडी सुटली असेल तर ते स्टीव्हन्स-जॉन्सन; अशा वेळी बहुतेक रुग्ण वाचतात. तीस तळहातांच्या पुढे गेली तर ते टेन. त्यात सुमारे तिघांतला एक दगावतो. आणि एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जायला दोन-तीन दिवस पुरतात. दोषी औषध जितके लवकर बंद होईल तितकी जगण्याची आशा वाढते. वहिनींच्या घरचे तीन दिवस म्हणून मोलाचे होते.

दोषी बहुधा साधी गोळी असते

कर्करोगाच्या घरात काही झाले की सगळ्यांचा संशय केमोवर किंवा शेकावर जातो. कर्करोगाच्या काही औषधांनी हा आजार होतो हे खरे. अलीकडे इम्युनोथेरपी नावाची जी महागडी इंजेक्शने निघाली आहेत त्यांनीही क्वचित होतो, आणि तो काही महिन्यांनी, कधी इंजेक्शन बंद झाल्यावरही उद्भवू शकतो. पण पुष्कळदा दोषी असते ती केमोच्या सोबत दिलेली, स्वस्त, रोजच्या वापरातली गोळी. तिच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. पाकिटावर बारीक अक्षरात औषधाचे मूळ नाव छापलेले असते. पुढील नावे ओळखून ठेवावीत :

फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन, लॅमोट्रिजिन : ही फिटची औषधे. मेंदूतल्या गाठीच्या रुग्णांना यांपैकी एखादे मिळते.

अ‍ॅलोप्युरिनॉल : रक्ताच्या कर्करोगात केमोने पेशी एकदम मरतात, रक्तातले युरिक अ‍ॅसिड वाढते आणि मूत्रपिंडाला त्रास होतो. तो टाळण्यासाठी ही गोळी देतात.

को-ट्रायमोक्साझोल : ही सल्फाची गोळी. केमोने अंगातली प्रतिकारशक्ती घटते, तेव्हा फुफ्फुसाचा एक विशिष्ट न्यूमोनिया होऊ नये म्हणून देतात.

पायरॉक्सिकॅम, मेलोक्सिकॅम : या दुखण्यावरच्या गोळ्या. पुष्कळ लोक या चिठ्ठीशिवायच दुकानातून आणतात.

ही नावे वाचून घाबरू नये. लाखो लोक ही औषधे घेतात आणि त्यांना काही होत नाही. ती अनेकांचा जीव वाचवतात. हा आजार एकंदर लोकसंख्येत दहा लाखांमागे वर्षाकाठी बोटांवर मोजण्याइतक्यांना होतो. कर्करोगाच्या रुग्णांत त्याचे प्रमाण त्याहून जास्त आढळते. लक्षात ठेवायचे ते एवढेच की, असे नवे औषध सुरू झाल्यापासून साधारण चार ते अठ्ठावीस दिवसांचा काळ डोळ्यांत तेल घालून काढायचा. फिटची गोळी, अ‍ॅलोप्युरिनॉल यांच्या बाबतीत दोन महिन्यांपर्यंत सावध राहावे.

डोक्याचा शेक आणि फेनिटॉइनची गोळी ही जोडी तर डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीची आहे. १९८८ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग कर्करोग केंद्रातील डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले. शेक घेताना किंवा तो संपल्यावर, स्टेरॉइडची मात्रा कमी होत असताना, पुरळ डोक्यावर सुरू होऊन खाली पसरते असे त्यांना दिसले. चावीवाले भाऊंची कातडी कानामागून सुटू लागली, ती याच रीतीने.

म्हणून डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा : "ही फिटची गोळी कशासाठी आणि किती दिवस?" ज्या रुग्णाला कधीच फीट आलेली नाही, त्याला केवळ खबरदारी म्हणून ती नेहमीसाठी देऊ नये, असे अमेरिकेतील मेंदूविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २००० सालीच सुचवले आहे. ज्याला फीट आलेली आहे, त्याला मात्र गोळी लागतेच. आता दुसरी औषधेही आहेत, त्यांत हा धोका बराच कमी आहे.

सगळेच पुरळ भयंकर नसते

हे वाचून कोणी केमो सोडून घरी बसेल, तर आमच्या लिहिण्याने उपकार होण्याऐवजी अपकार होईल. उपचारात कातडीवर बऱ्याच गोष्टी होतात आणि त्यांतल्या बहुतेक सावरता येतात.

कॅपेसिटाबिन या गोळीने तळहात-तळपाय लाल होतात, जळजळतात, साल निघते. औषधाची मात्रा कमी केली, खोबरेल किंवा साधे मलम लावले, गरम पाणी टाळले की उतार पडतो. जेफिटिनिब, अर्लोटिनिब या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या गोळ्यांनी तोंडावर, छातीवर मुरुमांसारखे पुरळ येते; बहुधा ते डॉक्टरांच्या मलमाने आटोक्यात राहते. शेकाच्या जागेची कातडी काळी पडते, कोरडी होते, पण तेवढ्याच चौकोनात. नखे काळी होतात, शिरांवर काळ्या रेषा उमटतात. यापैकी काहीही झाले तर डॉक्टरांना सांगावे, पण उपचार आपल्या मनाने थांबवू नयेत.

सलाइनमधून केमो चालू असताना सुईच्या जागी आग होऊ लागली, सूज आली, तर 'संपेल थोड्या वेळात' म्हणून सहन करू नये. तत्क्षणी सिस्टरना हाक मारावी. काही औषधे शिरेबाहेर गेली तर तिथले मांस सडते.

ही धोक्याची घंटा

पुढीलपैकी एक जरी गोष्ट नव्या औषधानंतर दिसली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे :

१. तापासोबत पुरळ.
२. तोंडात, ओठांवर फोड आणि त्याच वेळी डोळे लाल किंवा लघवीच्या जागी जखम. केमोने नुसते तोंड येते, पण तोंड, डोळे आणि लघवीची जागा यांतल्या दोन जागा एकदम धरल्या तर ते वेगळे.
३. कातडी दुखणे. खाज सुटणारे पुरळ बहुधा साधे असते; दुखणारे पुरळ वाईट.
४. पुरळाच्या मधोमध काळपट डाग, त्यावर फोड, किंवा घासले की कातडी सरकणे.
५. चेहरा सुजणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास.

यात आपल्या लोकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुस्तकांत 'लाल चट्टे' लिहिलेले असते आणि छायाचित्रे बहुतेक गोऱ्या माणसांची असतात. आपल्या सावळ्या, काळ्या कातडीवर लाली दिसतच नाही. ती काळपट, जांभळी, कधी राखाडी दिसते. म्हणून रंगावर जाऊ नये. हात लावून विचारावे : दुखते का? तळहात, तळपाय आणि तोंडाची आतली बाजू पाहावी, तिथे बदल लवकर दिसतो.

पुढची मात्रा घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. फिटचे औषध मात्र एकदम तोडले तर फीट येऊ शकते. म्हणूनच घरी ठरवत बसू नये. ते बंद करून त्याच दिवशी दुसरे सुरू करावे लागते आणि हे काम रुग्णालयाचेच आहे.

रुग्णालयात काय करतात?

या आजारावर एकच एक रामबाण औषध नाही. पहिला उपचार म्हणजे दोषी औषध बंद. मग जळीत रुग्णासारखी शुश्रूषा : सलाइन, उबदार खोली, जखमेला न चिकटणाऱ्या पट्ट्या, नाकातल्या नळीने पोषण, दुखण्यावर औषध. काही डॉक्टर सायक्लोस्पोरिन देतात, काही स्टेरॉइड देतात. तो त्यांचा निर्णय. आपल्या देशातल्या कित्येक वॉर्डांत अशा रुग्णाला केळीच्या पानांवर झोपवतात, कारण पान गुळगुळीत असते, गार असते आणि कातडीला चिकटत नाही. जळीत रुग्णांसाठी केळीच्या पानाच्या पट्टीचा अभ्यास मुंबईतल्या डॉक्टरांनी करून २००३ साली तो प्रसिद्धही केला आहे. पण तिथले पान जंतुरहित केलेले असते. घरी अंगणातले पान आणून, पाला अंथरून, हळद किंवा राख लावून जखमेत जंतू घालू नयेत.

नातेवाइकांनी एक गोष्ट आठवणीने मागावी : डोळ्यांचे डॉक्टर. पहिल्याच दिवशी आणि नंतर रोज. जीव वाचवण्याच्या गडबडीत डोळे मागे राहतात. पापण्या आतून बुबुळाला चिकटतात, अश्रू आटतात, दृष्टीही जाऊ शकते. कातडी तीन-चार आठवड्यांत भरून येते. डोळ्यांचे नुकसान मात्र जन्मभर राहू शकते.

चावीवाले भाऊ रुग्णालयात सव्वीस दिवस होते. चौदा तळहात कातडी गेली होती. वहिनी सांगत होत्या, "पंख्याचं वारं लागलं तरी वरडायचे. सिस्टर लोक चौघीजणी मिळून कूस बदलायच्या. त्यातली एक पोरगी रोज डोळ्यांत थेंब घालताना म्हणायची, बाबा, आज थोडं उघडा." कातडी भरली. अंगावर पांढरे-काळे डाग राहिले. डोळे कोरडे झाले ते झालेच, दर तासाला थेंब घालावे लागत.

देवी गेल्या, भीती राहिली

पुरळ म्हणजे देवीचा कोप, हा समज अजून वस्त्यांतून गेलेला नाही. देवी हा रोग विषाणूचा होता. लस टोचून टोचून तो हटवला. भारतात त्याचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० साली जगातून तो संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. आज कोणाच्याही अंगावर 'देवी' येऊ शकत नाहीत. येतात त्या कांजिण्या, गोवर, नागीण किंवा औषधाची बाधा. अंगारा लावण्यात आणि दृष्ट काढण्यात गेलेला दिवस परत मिळत नाही. 'उष्णता' हे त्याच समजाचे सभ्य नाव आहे. त्या नावाखाली आपण कितीतरी आजार घरीच दडवतो.

वही आणि कार्ड

घरी आल्यावर सहा महिन्यांनी भाऊंना पुन्हा फीट आली. जवळच्या एका दवाखान्यात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी घाईघाईने इंजेक्शन मागवले. ते फेनिटॉइनचे होते. त्यांची चूक नव्हती, फीट थांबवायला ते देतातच. मुलीने वडिलांच्या खिशातले कार्ड काढून डॉक्टरांच्या हातावर ठेवले. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी लाल शाईने लिहून दिले होते : रुग्णाला फेनिटॉइनमुळे स्टीव्हन्स-जॉन्सन झालेला आहे; फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन देऊ नये. डॉक्टरांनी सिरिंज बाजूला ठेवली आणि दुसरे औषध दिले.

हा आजार एकदा झाला की ते औषध जन्मात पुन्हा घ्यायचे नसते. दुसऱ्या खेपेला तो अधिक जोराने येऊ शकतो. त्याच जातीची जवळची औषधेही टाळावी लागतात. भाऊ, बहीण, मुले यांनीही आपल्या डॉक्टरांना ही गोष्ट सांगावी, कारण काही औषधांच्या बाबतीत हा दोष रक्ताच्या नात्यात असू शकतो. कार्बामाझेपिनमुळे होणाऱ्या स्टीव्हन्स-जॉन्सनचा एका जनुकाशी संबंध आहे, हे तैवानच्या संशोधकांनी २००४ साली दाखवले. पण प्रत्येक औषधासाठी अशी आधी करायची चाचणी नाही. तोवर आपली चाचणी म्हणजे आपली वही.

ज्या घरात कर्करोगाचा रुग्ण आहे त्या घराने आजच एक वही करावी. औषधाचे नाव पाकिटावरून उतरवावे. सुरू केल्याची तारीख, बंद केल्याची तारीख लिहावी. आयुर्वेदिक काढा घेतला, दुकानातून दुखण्याची गोळी आणली, तेही लिहावे, लपवू नये. हे काम शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींना द्यावे. त्यांना इंग्रजी अक्षर वाचता येते आणि आपण शिकलो त्याचा घरासाठी उपयोग झाला हेही त्यांना दिसते.

आपला हक्क

औषधाची बाधा झाली तर तिची नोंद व्हावी, यासाठी केंद्र सरकारचा औषध दक्षता कार्यक्रम २०१० सालापासून आहे. त्याचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. डॉक्टरच नव्हे, रुग्ण किंवा नातेवाईकही नोंद करू शकतात. फुकट दूरध्वनी १८००-१८०-३०२४. अशा नोंदींवरूनच पुढे औषधाच्या कागदावर इशारा छापला जातो.

खर्चाचा प्रश्न मोठा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला पहिल्याच दिवशी भेटावे. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जायला लाजू नये. परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्या रुग्णांनी राहण्याची सोयही तिथेच विचारावी. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांना आसरा देत आली आहे.

हा आजार मोठ्या रुग्णालयांनाही चकवतो. अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. कुणाल साहा आणि त्यांची पत्नी अनुराधा १९९८ साली सुट्टीसाठी कोलकात्याला आले होते. तिथे अनुराधा यांना टेन झाला. आधी कोलकात्यात आणि शेवटी मुंबईत उपचार झाले, पण त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचा मृत्यू झाला. पती स्वतः डॉक्टर. तरीही न्याय मिळायला पंधरा वर्षे लागली. स्टेरॉइडचा चुकीचा वापर आणि शुश्रूषेतली हयगय २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली आणि २०१३ साली सुमारे सहा कोटी रुपयांची भरपाई ठरवली. आपल्याकडे पंधरा वर्षे लढायचे बळ नसेल. पण पहिल्याच दिवशी "कातडीचे डॉक्टर बोलवा" एवढे म्हणायचे बळ प्रत्येकाकडे आहे.

आम्ही निघताना मुलगी कामावरून आली. आता ती एका प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचे काम करते. वडील त्या आजारातून उठल्यावर चौदा महिने जगले. कर्करोगाने गेले, गोळीने नव्हे. त्या चौदा महिन्यांत त्यांनी तिचा बारावीचा निकाल ऐकला. डोळ्यांना गुणपत्रिका नीट दिसेना, म्हणून तिने एकेक विषय मोठ्याने वाचला आणि त्यांनी दोनदा वाचायला लावला.

दारापर्यंत सोडायला आलेल्या वहिनी म्हणाल्या, "एवढं लिवा भाऊ. खिडकीवरचा माणूस वरडला तर वरडू द्या म्हणावं. वरडण्यानं कातडी जात न्हाय."

तेच आम्ही येथे लिहिले आहे. कागदावरची तारीख ठरलेल्या तपासणीसाठी असते. आजाराला तारीख ठाऊक नसते.